खोडीच्या ढिगातल्या एकोणीस पाट्या

लाकडाच्या वखारीवर मी आयुष्यात एकच पत्रक लिहिले, आणि त्यातले मुख्य वाक्य चुकीचे होते. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण मी नाही केले तर रेवदंड्यातला कोणीही ते वाचणाऱ्याला आनंदाने सांगेल.

त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका छापखान्यात दोन वर्षे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरे, जुळवून गावी परतलो होतो. येताना बरोबर एक जुना हातछाप आणला होता आणि डोक्यात भरपूर राग आणला होता. दारूच्या गुत्त्यावर पत्रक, अंधश्रद्धेवर पत्रक, शाळेतल्या मास्तरांच्या छडीवर पत्रक. गावाने ती वाचली की नाही ठाऊक नाही, पण सुके बोंबील त्यांत चांगले बांधले जात.

कोळीवाड्यात देवळाच्या मागे एक पडवी होती. तिथे मी आणि एका बाईंनी मिळून मुलांचा वर्ग सुरू केला होता. मिळून म्हणजे, शिकवत बाई होत्या आणि बोलत मी होतो. बाई विधवा, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या, मराठी सात इयत्ता पास झालेल्या. मुले एकोणीस, त्यांत मुली अकरा. दगडी पाट्या तीन, त्यांतली एक तडकलेली. एकाने ‘अ’ काढायचा, पुसायचा, पुढच्याला द्यायचा. तिसऱ्या मुलापर्यंत पाटी पोचेतो पहिला समुद्रावर पळालेला असे.

आषाढात एका दुपारी बाई मला म्हणाल्या, “भाऊ, तुमची पत्रके पुरे झाली. दसऱ्याच्या आत मला एकोणीस पाट्या द्या.”

“दसराच का?”

“कारण दसऱ्याला पाटी पुजतात. ह्यांनी कधी पुजली नाही, कारण स्वतःची पाटीच कोणाकडे नाही.” मग त्यांनी मला पाटीपूजेचे खरे कारण सांगितले. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात. दसऱ्याच्या सुमाराला मासळी सुकवायचे काम जोरात येते आणि आया मुलींना वर्गातून उठवून किनाऱ्यावर नेतात. मागच्या वर्षी दिवाळीपर्यंत वर्गात पाचच मुले उरली होती. “पण एकदा का पोरीने स्वतःच्या पाटीवर सरस्वती काढली आणि आईने तिला हळदकुंकू वाहिले, की ती पाटी कोणी चुलीमागे टाकत नाही. बघा तुम्ही. ह्या वर्षीही पाचच उरली, तर मी भावाकडे पेणला निघून जाईन. पाच मुलांसाठी देवळाची पडवी कोण देईल?”

म्हणजे वर्ग राहतो की जातो, हे एकोणीस पाट्यांवर होते.

दुकानातली दगडी पाटी महाग, आणि पडवीच्या जांभ्या दगडावर एकदा पडली की संपली. बाईंनीच तोड काढली. त्यांचे वडील धूळपाटीवर शिकले होते: दीड वीत रुंद लाकडी फळी, तिच्यावर विटेची चाळलेली भुकटी पसरायची, बोरूने अक्षर काढायचे, आणि फळी हलवली की अक्षर गेले. फुटायची नाही, पेन्सिल लागायची नाही. फळी मात्र कठीण आणि सपाट लाकडाची हवी. आंब्याची घेतली तर किडा लागतो आणि दुसऱ्या पावसात ती पापडासारखी वाकते.

मी वखारीत गेलो.

वखार खाडीच्या धक्क्याला लागून. सुधागडच्या डोंगरातले लाकूड पालीकडून गाड्यांनी रोह्याला येई आणि रोह्याहून मचव्यातून, म्हणजे मोठ्या होडीतून, इथे उतरे. शेटजी गुजराती, अंगाने भरलेले, बोलायला गोड. सागाच्या फळीचा भाव त्यांनी असा सांगितला की मी उभ्याउभ्या तापलो. ज्या रानात झाड वाढते, त्या रानातल्या कातकऱ्याने फांदी तोडली तर जंगलखात्याचा शिपाई त्याला धरतो. तेच झाड मुंबईच्या बंगल्याच्या दारासाठी बिनबोभाट जाते. आणि कोळ्याच्या पोराला दीड वीत फळी मिळत नाही! हे सगळे मी शेटजींना तिथेच ऐकवले.

“बरोबर छे, भाई,” शेटजी म्हणाले. “पण भाव तोच.”

मागे भिंतीशी एक ढीग दिसत होता: आखूड तुकडे, गाठी असलेले, एका कडेला पांढरे पडलेले. ते काय म्हणून विचारले, तर हमाल म्हणाला, “खोडीचा माल. खोट असलेला.” माझ्या डोक्यात लगेच पत्रक तयार झाले. त्याच संध्याकाळी मी ते छापले. त्यातले मुख्य वाक्य असे: *हा शेट आपला खोडीचा, गाठींचा, सडका माल लपवून ठेवतो आणि अडल्या गरिबाच्या गळ्यात बांधतो.* दुसऱ्या दिवशी मी ते वखारीच्या दारावर डकवले. शेटजींनी ते काढून टाकले नाही. उलट पावसाने भिजू नये म्हणून आत नेऊन भिंतीला लावले, असे नंतर कळले. तेव्हा कळले असते तर मी आणखी एक पत्रक काढले असते.

त्याच आठवड्यात कोळीवाड्यात एक जुना मचवा मोडायला काढला. तीस वर्षे चाललेला. त्याचा नाखवा, म्हणजे होडीचा मालक, वारलेला आणि मुलाने नवी होडी बांधायला घेतली होती. म्हाताऱ्या नाखविणीने मोडण्याआधी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावले, नारळ फोडला आणि मचव्याशी बोलावे तशी थोडा वेळ पुटपुटत उभी राहिली. मग सुतारकाकांनी पहार घातली.

सुतारकाका साठीचे. त्या किनाऱ्यावरची अर्धी गलबते त्यांच्या हातची. नाखविणीने मला बाजूला बोलावले. “मास्तर, तुमाला पोरांसाठी फळ्या पायजेत ना? न्या ह्यातल्या. मालकाचा मचवा पोरांच्या हातात गेला तर बरंच हाय.”

साग! अस्सल, जुना, काळा पडलेला साग, आणि फुकट! मला वाटले, मी शेटजींच्या नाकावर टिच्चून जिंकलो.

सुतारकाका मान हलवत म्हणाले, “मास्तर, ह्याच्या पाट्या नका करू.”

“का?”

“हे लाकूड तीस वर्सं खारं पानी प्यालंय. आता सुकं दिसतं. आभाळ भरलं का परत पाझरंल.”

आता पाहा, माझी चूक कशी झाली. दहाच मिनिटांपूर्वी मी नाळेचे कुंकू आणि नारळ पाहिला होता. अंधश्रद्धेवरचे माझे पत्रक अजून खिशात होते. सुतारकाकांचे बोलणे मी त्याच टोपलीत टाकले. किनाऱ्यावर चारपाच माणसे जमली होती, त्यांच्यासमोर मी त्यांना समजावले की लाकूड मेलेले असते, ते पीत नाही आणि पाझरत नाही, आणि ह्याच असल्या समजुतींमुळे आपला समाज मागे राहिला आहे.

सुतारकाकांनी सगळे शांतपणे ऐकले. “व्हय,” ते म्हणाले. “तुमचे खिळे शिशाचे, आमचे लोखंडाचे. तुमाला जास्त ठावं.” आणि करवत माझ्या हातात दिली.

मी बारा पाट्या केल्या. स्वतःच्या हाताने. खिळ्यांची भोके चुकवत, कापत, रंध्याने घासत. हाताला फोड आले, तेही मला आवडले. श्रावणात मधे आठ दिवस उघाड पडली होती. पाट्या उन्हात ठेवल्या, भुकटी पसरली, मुलांनी अक्षरे काढली. सुरेख! बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझा त्याहून.

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आभाळ दाटून आले. पाऊस नव्हता, नुसती घुसमटलेली, ओली हवा. मुलांनी पाट्या काढल्या, तर त्या घाम आल्यासारख्या ओल्या. भुकटी टाकली, तिचा चिखल झाला. बोरू चिखलात रुतला. खिळ्यांच्या भोकांभोवती काळे-तांबडे ओघळ आले. एका मुलीने बोट लावून चाखले आणि सगळ्यांना सांगितले, “खारट हाय!” मग एकोणीस मुलांनी बाराच्या बारा पाट्या चाटून पाहिल्या.

पडवीच्या कडेला दोघी कोळिणी टोपल्या टेकून हे बघत होत्या. एकीने हाक मारली, “मास्तर, पाट्या रडतात की हो! कुनी मारलं?”

“मास्तरांचं भाषन ऐकलं आसंल त्यांनी,” दुसरी म्हणाली.

मला तेव्हा हसू आले नाही. दसऱ्याला दीड महिना उरला होता. बाईंनी त्या तीन दगडी पाट्या परत बाहेर काढल्या.

मी सुतारकाकांकडे गेलो आणि म्हणालो, “काका, मी चुकलो.” हे वाक्य मी कधी छापलेले नसल्यामुळे तोंडातून निघायला वेळ लागला.

काका लाकूड तासायचा वाकस दगडावर घासत होते. “मीठ हवेतलं पानी ओढतं,” ते म्हणाले. “घरात मिठाचं मडकं बघा, पावसात त्याच्या तळाशी पानी साचतं का न्हाय? त्यात देव कुटं आला?” मग उठले. “चला वखारीत.”

“तिथे? माझ्या पत्रकानंतर?”

“मग काय, फळ्या पत्रकाच्या करनार?”

शेटजी गादीवर बसले होते. मला पाहताच त्यांनी हमालाला भिंतीवरचे पत्रक काढून आणायला सांगितले आणि ते माझ्या हातात दिले. “वाचो ने, भाई. मोठ्यानी. मला गुजराती चांगला येतो, मराठी कमी.”

वखारीत सातआठ हमाल होते. मी माझे पत्रक वाचले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जंगलखात्याच्या वाक्यावर हमालांनी “शाबास!” म्हटले, ते मला अजूनही बरे वाटते. मग मुख्य वाक्य आले: खोडीचा माल गरिबाच्या गळ्यात बांधतो.

“थांबा,” शेटजी म्हणाले. “हा माल मी कोणाला विकतो, विचारलंस? गरिबाला नाय. बारा फुटी साफ फळी मागणारा हा माल घेत नाय, म्हणून भट्टीवाल्याला देतो. पाव भाजायला. आता सांग, तू काय मागायला आला?”

मी सांगितले. “हाच माल. गरिबासाठी.”

हमाल इतके हसले की एकाच्या डोक्यावरची चुंबळ पडली. शेटजी हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. ते म्हणाले, “भट्टीवाला वजनावर घेतो, तू पण वजनावर घे. जळाऊ लाकडाचा भाव. पण निवडायचं तू, वाहायचं तू, आणि परत आणायचं नाय.”

दान नव्हते ते. शेटजींनी एक पैसा सोडला नाही. पण आदल्या महिन्यात त्यांनी साग ज्या भावाने सांगितला होता, त्यापुढे हा भाव म्हणजे काहीच नव्हता. इतके चांगले लाकूड रोज पावाखाली जळत होते आणि ते मागायचे गावातल्या एकाही माणसाला सुचले नव्हते, ह्याचा मला आजही संताप येतो. गाठ दिसली की लाकूड वाईट, असे आपण सगळे धरून चालतो. मीही तेच धरून चाललो होतो. नाहीतर ‘सडका’ हा शब्द मी छापला नसता.

पुढचे चार दिवस आम्ही त्या ढिगात घालवले, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. ढिगातला बराच माल दोन पावसाळे छपराखाली पडून होता, म्हणजे लाकूड आतपर्यंत सुकलेले. सुतारकाका एकेक तुकडा उचलत, बोटाच्या पेराने ठोकत आणि माझ्या कानाशी धरत. टणक आवाज आला तर ठेवायचा, बद्द आला तर भट्टीला. सागाच्या कडेचे पांढरे लाकूड किडीला आवडते, म्हणून तेवढी कड कापून टाकायची. गाठ काठावर असली तर तीही कापली जाते, मधोमध असली तर तिच्या अलीकडे पलीकडे बघायचे.

“बंगलेवाल्याला बारा फूट पायजे,” काका म्हणत. “आपल्याला दीड वीत. दोन गाठींमधी पाटीपुरतं लाकूड असतंच.”

ढिगात साग थोडाच होता. ऐन ह्या झाडाचा माल होता, जड आणि करवतीला चिवट. तो काकांनी बाजूला सारला, “पोरांचे हात दुखतील” म्हणून. आणि खाली, सगळ्यात खाली, पिवळ्या रंगाचे तुकडे सापडले. काकांनी एकावर थुंकी लावून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हेद! आरं, हा जाळतात?”

हेदाच्या फण्या करतात, हे मला नंतर कळले. रेषा बारीक, अंग गुळगुळीत, वाकत नाही. रंग हळदीसारखा. दाराला कोणी घेत नाही म्हणून तो खोडीच्या ढिगात. त्याच्यावर विटेची तांबडी भुकटी पसरली की अक्षर पिवळे उमटते, ते इतके स्वच्छ की मागच्या रांगेतून वाचावे.

हेदाच्या तेरा पाट्या निघाल्या. उरलेल्या सहा सागाच्या, त्यांतल्या दोन तर दोन दोन अरुंद तुकडे जोडून. एका पाटीच्या कोपऱ्यात डोळ्याएवढी गाठ राहून गेली. मी ती टाकायला निघालो, तर बाईंनी हात धरला. ती पाटी मिळावी म्हणून पुढे मुलांत भांडण झाले, कारण तिच्यावर मासा दिसतो असे कोणीतरी म्हणाले.

सगळ्या पाट्या आम्ही आठ दिवस पडवीत नुसत्या ठेवल्या. पाऊस पडला, ऊन पडले, परत पाऊस पडला. रोज सकाळी मी त्यांवर हात फिरवून पाहत होतो. एकदा तर जिभेनेही पाहिले. कोणी बघत नव्हते असे मला वाटले होते.

“मास्तर, मीठ कमी हाय का?” मागून आवाज आला. पाट्यांना कोणी मारले म्हणून विचारणारी तीच टोपलीवाली.

मचव्याच्या बारा पाट्यांचे काय केले? त्यांच्या आणि उरलेल्या फळ्यांच्या मिळून काकांनी एक बाक केला आणि देवळासमोर उघड्यावर ठेवला. “बसनाऱ्याला मीठ लागत न्हाय,” ते म्हणाले. नाखवीण रोज संध्याकाळी त्यावर बसून होड्या येताना बघते. मला पाहिले की जागा करून देते आणि म्हणते, “बसा, मालकांच्या मचव्यात.” अंधश्रद्धेवरचे पत्रक मी अजून मागे घेतलेले नाही, पण त्या बाकावर बसताना ते खिशात ठेवत नाही.

दसऱ्याला एकोणीस मुले न्हाऊन आली. बाईंनी एकेकाच्या हाताला धरून एकच्या आकड्यांची सरस्वती काढायला शिकवली. भुकटीतले चित्र मोडू नये म्हणून आयांनी हळदकुंकू पाटीच्या काठाला लावले आणि झेंडूचे फूल बाजूला ठेवले. मग त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शेटजींनी पेढे पाठवले होते, माझ्या नावाने, वजन करून. चिठ्ठीत लिहिले होते: *हा माल खोडीचा नाही.* चिठ्ठी मराठीत होती, आणि एकही चूक नव्हती.

आता मुद्द्याचे. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी किनाऱ्यावर बोंबील वाळवायचे मांडव भरले आणि आया यायला लागल्या. पहिली आली तीच ती टोपलीवाली. तिची मुलगी नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत हुशार. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडणार होतो, माझ्याजवळ अख्खे भाषण तयार होते. बाईंनी डोळ्यांनीच गप्प केले.

आईने मुलीला उठवले. मुलगी पाटी घेऊन निघाली.

“ती कुटं नेतेस?” आई म्हणाली.

“घरी.”

“घरी सगळीकडं मासळी पसरलीय, पुजलेल्या पाटीवर पाय पडंल. राहू दे हितंच.” तिने पाटी मुलीच्या हातून घेतली, पदराने मागची बाजू पुसली, कुंकवाला हात लागणार नाही अशी धरून परत मुलीच्या जागेवर ठेवली. क्षणभर ती त्या जागेकडे बघत राहिली. मग बाईंना म्हणाली, “सकाळी मला हिचा हात लागतो. दुपारी पाठवते. चालंल?”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

अर्धा दिवस! नऊ वर्षांच्या मुलीने सकाळभर बोंबील टांगायचे आणि दुपारी शाळा, हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. पण त्या दिवाळीला मी पडवीत मोजून पाहिले. सकाळी सात मुले आणि बारा रिकाम्या जागा, प्रत्येक जागेवर पिवळी नाहीतर तपकिरी पाटी. दुपारी कधी सोळा मुले, कधी सतरा, हातांना मासळीचा वास.

बाई पेणला गेल्या नाहीत. पुढच्या आषाढात त्यांनी मला सांगितले की चार मुले नवी आली आहेत. मी पत्रकाचा कागद बाजूला ठेवला आणि सुतारकाकांना हाक मारून वखारीकडे निघालो. ढीग भट्टीवाल्याकडे जाण्याआधी गाठायचा होता.